दूतावासासमोर राहिलेली चप्पल

सोलापूर, गुरुवार, संध्याकाळ

दिल्लीत शिकणारी आमची स्वाती आज एका परदेशी दूतावासासमोर निदर्शनाला गेली होती. पोलिसांनी तिला उचललं, बसमध्ये घालून ठाण्यावर नेलं आणि दिवस मावळायच्या आत सोडलं. सगळं रीतसर. मीही पोलिसातलाच, हितं कलेक्टर कचेरीसमोर आमी हेच करतो. पण तिची एक चप्पल रस्त्यावरच राहिली.

आमच्याकडं गाडी भरली की मी मागं थांबतो, पडलेल्या चपला पोत्यात भरून ठाण्यावर नेतो. सुटताना माणूस अनवाणी जाऊ नये, एवढंच. तिला फोनवर विचारलं, "तितं चपला कुणी गोळा केल्या न्हाईत?"

"न्हाई पप्पा. लेडीज कॉन्स्टेबलनं दंड धरून ओढलं, तवाच निघाली ती."

त्या बाईचा राग आला का मला? नाही. तिच्या जागी मीही ओढलंच असतं. पण चप्पल उचलली असती. तसं बोललोही.

स्वाती म्हणाली, "व्हय पप्पा. पण तुमी आदी ओढता की."

एका पायात चप्पल घालून होस्टेलवर गेली, की तीही टाकली? विचारायचं राहिलं.

उद्या पुन्हा बंदोबस्त. पोतं दाराशी काढून ठेवलंय.