लिफ्टच्या दारावरचा कागद

मंगळवार, रमझान. देरा, दुबई.

"नायट्रोजनची टाकी लिफ्टने एकटी जाईल, सोबत माणूस नको." दारावरचा हा कागद माझ्याच हातचा. किचनमध्ये सगळ्यांना मीच शिकवलंय: तो थंडगार द्रव सतत उकळत असतो, त्याचा वायू बंद जागेतली हवा हुसकावतो, आणि वास नसल्याने कळतही नाही.

आज इफ्तार पार्टीत या द्रवाने गोठवायच्या आइस्क्रीमला उशीर होत होता. वर टाकी उतरवून घ्यायला कोणी नव्हतं. रत्नागिरीचे सलीमभाई, आमचे जुने वेटर, बोलवायला खाली आले होते. मी त्यांनाच टाकीसोबत लिफ्टने जायला सांगितलं. कागद वाचून त्यांनी विचारलं, "चालेल ना रे?"

"यल्ला, चला सलीमभाई, एका मिनिटाचं काम."

लिफ्ट मध्येच अडकली. दार उघडलं तेव्हा ते आत पडलेले. बाहेर मोकळ्या हवेत आणल्यावर शुद्धीवर आले. मॅनेजर म्हणाला, "रोजा आहे ना, चक्कर आली असेल." मी मान हलवली. नर्सलाही तेच सांगितलं. नोकरी जाईल म्हणून? हो, म्हणूनच.

त्यांना पाणी पाजलं. मगरिबला, रोजा सोडायच्या वेळेला, जेमतेम अर्धा तास असताना रोजा मोडला.

मघाशी त्यांचा फोन आला. "विल्सन, माफ कर हां. माझ्यामुळे तुझा खोळंबा झाला. इतकी वर्षं रोजे धरतोय, असं कधी झालं नाही. ईदनंतर एक रोजा भरून काढीन."

तो कागद अजून तिथेच आहे. आणि मी काय म्हणालो?

"जाऊ द्या सलीमभाई, होतं असं."

माफ केलं मी त्यांना.