माझ्या वाट्याची ओळ

१७ फेब्रुवारी, सोमवार

मेले! पोटऱ्यांचे दगड झालेत, कंबर धरलीय, मान डावीकडे वळत नाही. जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी, तीही पाठमोरी. तिसऱ्या मजल्यावर बिनलिफ्टचं घर घेतलं तेव्हा म्हटलं होतं, व्यायाम होईल. घ्या आता व्यायाम.

शनिवारी प्रज्वलची हळद, रविवारी लग्न. हिरामणदादाचा एकुलता एक मुलगा, आणि मी त्याची एकुलती एक आत्या. मग काय — नाचले! संध्याकाळी सातपासून डीजे बंद होईपर्यंत. वय सत्तेचाळीस आहे हे मांडवात फक्त मलाच आठवत नव्हतं. शलाका म्हणाली, "मम्मी, तू नवरदेवाच्या मित्रांना दमवलंस." लेकीला कौतुक वाटलं की लाज वाटली, कळलं नाही.

कामावर दांडी. बाम, गरम पाण्याची पिशवी, आणि पडून राहणं. लग्न छान झालं. गोजरमावशीचा धवला, आमच्याकडचं हळदीचं जुनं गाणं, तेवढा स्टेजवर अर्ध्यात राहिला. ऐंशीच्या घरात आहे, चालायचंच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गेले एकदाची कामावर. कारखान्यापाशी, कॅम्प तीनला, शेअर रिक्षातून उतरताना ड्रायव्हरनेच हात दिला. दिवसभर उभं राहून जीन्सचे धागे कापायचे, शिलाई तपासायची — आणि इथे उभंच राहवत नाही. शेठ म्हणतो, "शादी भतीजे की थी ना? चल तो ऐसे रही हो जैसे घोड़ी से तुम गिरी हो!" कारखानाभर हशा. मीही हसले तर बरगड्या दुखल्या. पण स्टूल दिलं त्याने बसायला. सिंधी माणूस, तोंडाचा फटकळ, मनाचा बरा.

दुपारी रविनाचा फोन. रविना म्हणजे मावशीची सून. "ताई, आईंनी गावातल्या गोमाभाऊंना मुलीच्या लग्नासाठी नाही म्हणून सांगितलं. धवले म्हणणारच नाही म्हणतात. यापुढे कुठेच नाही."

पन्नास वर्षं आमच्या गावात मावशीने धवले म्हटल्याशिवाय कोणाला हळद लागलेली नाही. लग्न ठरलं की पहिली पानसुपारी गोजरबाईकडे, मग बाकीचे. भटजी उशिरा आले तरी लोक थांबायचे, धवलारीण आली नाही तर मांडवात कोणी हलायचं नाही.

रविना म्हणाली, "विसरायला लागल्यात त्या. व्हिडिओ बघितला ना तुम्ही?"

बघितला. फॅमिली ग्रुपवर नवरीकडच्या कोणा अक्षयने टाकलाय, खाली दात काढलेले चेहरे. मावशी स्टेजवर, माइक दोन्ही हातांत घट्ट धरलेला. एक ओळ म्हणते आणि थांबते. थांबूनच राहते. मग ती सूत्रसंचालन करणारी मुलगी माइक काढून घेते — "आजींसाठी जोरदार टाळ्या!"

१९ फेब्रुवारी, बुधवार

व्हिडिओ परत परत बघितला. मावशी थांबते तेव्हा मान डावीकडे वळवते. तिथं मी उभी होते. व्हिडिओत मी दिसत नाही.

बरं झालं, असं वाटलं! हे वाटलं तेही लिहून ठेवते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लिहूनच टाकते. ही वही कोण वाचतंय!

मावशी विसरली नव्हती. धवल्याची एक ओळ धवलारणीची, पुढची ओळ शेजारच्या बाईने झेलायची. धवलारीण थांबतेच. थांबायचंच असतं. ती पुढची ओळ माझी होती.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची. मावशीने मला आपल्या घरी नेलं ते माझं लग्न होईपर्यंत ठेवलं. गावोगावच्या लग्नांना बरोबर न्यायची. परकर-पोलकं घालून मी तिच्या डाव्या हाताला. तिने मान वळवली की माझी पाळी. डोळे पेंगत असायचे, पण ओळ कधी सोडली नाही. मावशी यजमानणीला अभिमानाने सांगायची, "माजी पोर हाय, बहिनीची नाय."

हळदीलाच म्हणणार होती ती. दादाने मला दोनदा बजावलं होतं, अर्धा तास डीजे थांबवून घे, तुझंच काम ते. मावशी नवी साडी नेसून मांडवात खुर्चीवर बसलेली. मी घामाघूम होऊन तिच्याकडे गेले, "एवढं एक गाणं होऊ दे हां, मावशी." परत गेले, परत तेच. ती म्हणाली, "नाच गो नाच. मी हाय हितंच." धवला राहिला तो राहिलाच.

म्हणून दादाने रविवारी हॉलमध्ये, जेवणाच्या आधी पाच मिनिटं काढली. मावशीने पहिली ओळ म्हटली. आवाज काय लागला होता! मग मान वळवली. मी तिच्यापासून दोन हातांवर — पैठणी, पार्लरचा अंबाडा, गजरा. ओळ घशाशी आली होती. श्वाससुद्धा घेतला होता मी. आणि समोर प्रज्वलच्या ऑफिसची पोरं दिसली, मोबाइल वर केलेले. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं आणि दोघं हसले.

मला लाज वाटली. मावशीची, धवल्याची, आमच्या सगळ्याचीच. मी पदर नीट करायला लागले. पदर नीटच होता.

आदल्या दिवशी त्याच पोरांसमोर वेड्यासारखी नाचले तेव्हा नाही वाटली लाज!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रविनाने मावशीला डॉक्टरकडे नेलं. त्याने विचारलं, आज वार कोणता, तारीख कोणती, नातवंडांची नावं काय. मावशीने सगळं सांगितलं, वर तिथीही सांगितली, जी डॉक्टरला माहीत नव्हती. मग स्टेजवर काय झालं, आजी? — तर म्हणे, "इसार परला." विसरले, एवढंच. डॉक्टरने डोक्याचा स्कॅन लिहून दिलाय, पुढच्या बुधवारी.

माझ्या एका ओळीपायी म्हातारीचं डोकं मशीनमध्ये घालणार!

दादाकडे वहिनीला फोन लावला. सांगायचंच होतं. पण मी "मावशी" एवढं म्हणते तोवर तीच म्हणाली, "वय झालं गं त्यांचं. जाऊ दे ना आता." मी म्हटलं, "हो ना."

हो ना! काय बाई आहे मी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

अंग बरंचसं मोकळं झालं. डाव्या पोटरीत तेवढी गाठ आहे. दुखतंय म्हणून आठवडाभर गावाला गेले नाही, ते निमित्तही संपलं. उद्या जाते.

२३ फेब्रुवारी, रविवार

गेले. बारवीच्या रस्त्याला रिक्षा फाट्यापर्यंतच, पुढे चालत. लंगडतच पोचले. रविना बाजाराला गेली होती, मावशी एकटीच ओट्यावर वाल सोलत बसलेली. किती बारीक दिसली! की मीच इतकी वर्षं नीट बघितलं नव्हतं?

"आलीस गो बाय? पायाला काय झायलं?"

"काही नाही. नाचले ना."

वाल बाजूला सारले, आत जाऊन खोबरेल गरम करून आणलं. मी नको नको म्हणत होते. माझा पाय स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला आणि चोळायला लागली. बोटं वाकडी झालीत, जोर तोच. गाठ तिला न सांगता सापडली. मी ओरडले तर हसली, "नाचतंना नाय ओरडलीस त."

मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी हॉलमध्ये —"

"मना इसार परला गो. सोर तो विषय."

"तसं नाही मावशी, मी —"

"सोर म्हनते ना! गप बस, तेल लागू दे."

आणि मी गप्प बसले. सुटल्यासारखं वाटलं. तिथंच, तिच्या मांडीवर पाय ठेवून, मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच आता किळस येतेय. निघताना म्हणाली, "पोरीला घेऊन ये एकदा." पिशवीत सोललेले वाल भरून दिले. चूक माझी आणि चाकरी तिने केली. फाट्यापर्यंत रडत आले.

बुधवारी स्कॅन. त्याच्या आत कोणाला तरी सांगायलाच हवं. शिव्या खाईन, पण सांगेन.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कामाला निघायच्या आधी वहिनीला फोन केला. एका दमात सगळं सांगितलं — ओळ माझी होती, मला येत होती, मी मुद्दाम गप्प राहिले. वहिनी म्हणाली, "अगं, तुझी ओळ होती हे आम्हा बायकांना कळलं नसेल होय? स्टेजवरून उतरल्या उतरल्या, रविना तिथं नसताना, मावशीने आमच्यापुढे हात जोडले. 'माज्या पोरीला कोनी काय बोलू नका. म्हातारी इसरली म्हना.'"