बायोडाटातली उंची

आर. के. पुरम

चि. राघव,

आठ महिने झाले. हे पत्र पाठवायला तुझा पत्ता नाही.

सोमवारी मानेसरजवळच्या नाल्यात सापडलेलं मांडीचं एक हाड आमच्या लॅबमध्ये आलं. माझं रोजचंच काम. लांबी मोजली, सूत्रात घातली: पुरुष, उंची पाच फूट चारच्या आसपास. इन्स्पेक्टरने बेपत्ता लोकांची यादी चाळली आणि तुझ्या नावावर बोट ठेवलं. "आपका भाई तो पाँच-आठ है, मॅडम. ये नहीं है."

बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "सुटलो गं." त्या रात्री पोटभर जेवले.

यादीत ती उंची कुठून आली, माहितीये? तक्रार द्यायला जाताना बाबांनी तुझा लग्नाचा बायोडाटाच नेला होता. फोटो, जन्मतारीख, उंची, सगळं एका कागदावर. तो टाईप मी केला होता. तू खुर्चीमागे उभा राहून म्हणालास, "ताई, चार इंच वाढव ना यार, नाहीतर मुली फोटोसुद्धा बघत नाहीत." मी हसत हसत वाढवले.

चार दिवस मी गप्प बसले. काल इन्स्पेक्टरला तुझी खरी उंची सांगितली. आता डीएनए जुळवायला बाबांचं रक्त हवंय.

त्यांना म्हटलंय, शुगर तपासायची आहे. सकाळपासून चहासुद्धा न घेता, बूट घालून ते दाराशी बसलेत. मला हाका मारतायत.

तुझी,
मृणालताई