शेवटच्या कॅसेटमधले चार सेकंद

मी, सिराजुद्दीन दाऊद मुकादम, वय अडतीस, मूळ राहणार जयगड, जिल्हा रत्नागिरी, हल्ली अल-खोबर, सौदी अरेबिया, एसी दुरुस्तीचा कारागीर, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. इराकची क्षेपणास्त्रं पडत आहेत आणि खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या आहेत, एवढंच.

१. माझ्या मिळकतीचे दोन तृतीयांश शरियतप्रमाणे पत्नी खतीजा आणि मुलगा हाशिर यांचे. उरलेल्या एक तृतीयांशाचं मला ठरवता येतं. ते पुढे लिहिलं आहे.

२. गॅसचा मास्क एकच आहे, खोलीत आम्ही दोघे, मी आणि आकिब. तो आकिबला द्यावा. त्याने माझ्या मरणापर्यंत थांबू नये. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "चाचा, तुमच्या दाढीवर तो बसत नाही, म्हणून देताय." ते खरं आहे.

३. दोन टर्नटेबल, मिक्सर, ड्रम मशीन, सँपलर. खतीजाला यातलं काही माहीत नाही. चार वर्षं दर गुरुवारी मी परदेशी इंजिनियरांच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे वसाहतीत, हॉलमध्ये त्यांना नाचवत होतो. त्या संगीताला डीप हाऊस म्हणतात. संथ ठोका, खाली जाड बास, वर एखादा आवाज पुन्हा पुन्हा. नंतर मी ते बनवूही लागलो. एक रेकॉर्ड लंडनला निघाली. तिच्यावर माझं नाव नाही. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, एसी कारागिराचा आहे; दुसरं काम चालत नाही. जानेवारीत इंजिनियर निघून गेले, हॉल बंद झाला.

यंत्रं ज्याला चालवता येतील त्याला द्यावीत. जमालुद्दीन शिंपी यांना देऊ नयेत. नाचगाणं हराम, समुद्रात टाकीन, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं आहे. तरीही साक्षीला तेच हवेत. ते खोटं बोलत नाहीत.

४. आई बदरुन्निसाला लिहिता येत नव्हतं. ती कॅसेट भरून पाठवायची. ८९ साली शेवटची आली. सुरुवातीलाच म्हणाली, "बाबू, जेवलास काय? घराचं बोलायचंय. शेवटपर्यंत ऐक." ते शेवटचे दोन शब्द मला ठोक्यात बसणारे वाटले. तेवढे चार सेकंद सँपलरमध्ये, म्हणजे आवाजाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रात, घेतले. बाकीचं निवांत ऐकू म्हटलं. गुरुवारी कोरी कॅसेट सापडेना, म्हणून तयार झालेलं संगीत तिच्यावरच भरलं. लोक माझ्या आईच्या आवाजावर नाचले. दोन महिन्यांनी ती गेली.

बहीण बिलकिसने घरातल्या आपल्या वाट्याच्या हक्कसोडीवर सही केली होती. नंतर नवऱ्याने तिला सोडलं. तिचं म्हणणं, समुद्राकडची खोली तिला द्यायची, हे आईने मला पाठवलेल्या त्या कॅसेटमध्ये सांगितलं होतं. धाकटा भाऊ बदरुद्दीन फोनवर म्हणाला, "कॅसेट तुझ्याकडे आहे ना? रिसीव्हरला लाव. आई बोलली असेल तर आत्ता चावी देतो."

मी म्हटलं, "आई तसं काही बोलली नाही."

बिलकिसने फोन घेतला. "भाई, पुरी ऐकलीस?"

"पुरी ऐकली."

वाटणीत ती खोली माझ्या नावावर आली. तिला कुलूप आहे. बिलकिस रत्नागिरीत लोकांकडे स्वयंपाक करते आणि त्यांच्याच पडवीत झोपते. बदरुद्दीनला कोणी दोष देऊ नये. त्याने पुरावा मागितला, मी खोटं बोललो.

५. समुद्राकडची खोली, तिचं दार आणि पुढचं अंगण बिलकिसला द्यावं. ते एक तृतीयांशात बसतं. जगलो तर हे तिला तोंडाने सांगेन, असं लिहिणार होतो. पण दीड वर्ष मी जगतच होतो.

६. ती कॅसेटही तिचीच. पुन्हा काही भरता येऊ नये म्हणून वरच्या खिट्ट्या मोडल्या आहेत. बाजू तीस मिनिटांची, माझं संगीत बावीस मिनिटांत संपतं. पुढच्या आठ मिनिटांत आईच आहे. ती मी अजून ऐकलेली नाहीत. मला भीती वाटते. बिलकिसने ऐकावीत किंवा ऐकू नयेत. त्यात काहीही निघालं तरी खोली तिचीच.

हे मी वाचलं आणि खाली सही केली.

सिराजुद्दीन दाऊद मुकादम
अल-खोबर, २ फेब्रुवारी १९९१

साक्षीदार:
१. गिरीश देवधर, बँक कर्मचारी. सही माझ्यासमोर झाली.
२. जमालुद्दीन फणसोपकर, शिंपी. सही माझ्यासमोर झाली. कॅसेट माझ्या दुकानात ठेवली आहे. वाजवलेली नाही.