यंत्रमानव, राक्षस आणि माझा माइक

५ एप्रिल १९९४, मंगळवार. लासुर्णे.
ठरले. जत्रेतल्या कुस्त्यांचे निवेदन यंदा मी करणार. जोतीराम तात्यांनी वीस वर्षे केले, आता ते थकले. पाटबंधारे खात्यात अकरा वर्षे आवक-जावक लिहून माझा आवाज नुसता सडतो आहे. संध्याकाळी जत्रा कमिटीच्या दादासाहेबांना भेटलो. ते म्हणाले, बघू. म्हणजे हो.
बायको अनसूया म्हणाली, तुम्हाला कुस्तीतलं काय कळतं? मी माळ्यावरचा फेटा शोधू लागलो.

७ एप्रिल.
सरावाला कुस्ती आणायची कुठून? इंदापूरहून व्हिडिओ कॅसेट आणली. परदेशी पिक्चर. दहा मजली यंत्रमानव विरुद्ध समुद्रातून आलेला राक्षस. भाषा ओ की ठो कळत नाही. अर्धा पिक्चर टोपीवाले साहेब नकाशावर बोट ठेवून काळजी करतात. मग ते दोघे समोरासमोर येतात आणि मला खुर्चीत बसवेना. राक्षसाच्या पाठीला चेन आहे, सरळ दिसते. इमारती पुठ्ठ्याच्या. आगगाडी खेळण्यातली, ती तो शेवग्याच्या शेंगेसारखी चावतो. तरी काय मजा! यंत्रमानवाची मूठ सुटून उडत जाते, थोबाडीत बसते आणि परत येऊन मनगटाला चिकटते. चार वेळा पाहिला. ऑफिसला गेलो नाही. पोट बिघडले असे कळवले.

१० एप्रिल.
सराव जोरात. ढाक, धोबीपछाड, सगळे डाव बसवले. अडचण एकच, राक्षस शेपटीने मारतो त्या डावाला नाव सापडेना. तात्यांना विचारले. ते म्हणाले, शेपटीचा गडी आमी कवा लावला न्हाय, साहेब. जुन्या लोकांची दृष्टी मर्यादित. मीच नाव ठेवले, पुच्छपछाड.

१५ एप्रिल.
तात्यांकडून पिक्चरचे कळले, म्हणून दादासाहेबांचा निरोप. जत्रेदिवशी दुपारी तालमीत हाच पिक्चर लावायचा. टीव्ही-व्हीसीआर वायरमन नागेश आणणार. मी माइकवर समजावून सांगायचे. लोक खूश झाले तर दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा माइक माझा. म्हणजे औपचारिकता.
निश्चय: रोज पहाटे पाचला उठून कालव्यावर आवाज लावणे.

१६ एप्रिल. सकाळी ८.४०.
आत्ताच उठलो. कालव्याची हवा नाहीतरी दमट.

२५ एप्रिल, सोमवार. जत्रा.
खिडक्यांना पोती. तालीम खच्चून भरली. सुरुवात झकास. राक्षस समुद्रातून वर आला आणि पहिल्याच ओळीतून रंगूबाईने विचारले, जनावर भुकेलंय का? हिच्या घरी दहा वर्षांपूर्वीपर्यंत मेंढरे होती. मी म्हणालो, ते दुष्ट आहे. ती म्हणाली, कळपातनं चुकलं आसंल. त्याने विजेचे खांब पाडले तेव्हा तर टाळ्या पडल्या.
यंत्रमानव आला. मी म्हणालो, हा आपला गडी! एकही टाळी पडली नाही. पहिली मूठ बसली तशी बायका हळहळल्या. मागून झुंबर पैलवान ओरडला, त्या लोखंड्याला चालवतंय कोण? मी म्हणालो, आत पाच जण बसले आहेत. तिथेच बिनसले. झुंबर म्हणाला, पाच जणांनी लोखंडात बसून एका मुक्या जनावराला हाणायचं, ही कुस्ती न्हवं.
राक्षस गुडघ्यावर आला तेव्हा सगळी तालीम उभी. कुस्ती बरोबरीत सोडवा, कुस्ती सोडवा! मी म्हणालो, अहो, ही कॅसेट आहे. ते म्हणाले, माइक तुमच्या हातात हाय, तुमी सांगा. दादासाहेबांनीही दोन्ही हातांनी सोडवा अशी खूण केली. पण मी तत्त्वाचा माणूस. यंत्रमानव विजयी, असे तीनदा जाहीर केले.
लोक न बोलता उठून गेले. भारावले असावेत.

२६ एप्रिल. सकाळी ७.
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. फेटा बांधून तयार. दोनदा सोडला, तिसऱ्यांदा बांधला. अजून बोलावणे नाही. तालमीकडून आवाज येतो आहे. जाऊन येतो.

तोच दिवस. संध्याकाळ.
लोकांच्या आग्रहावरून सकाळी पिक्चर पुन्हा लावला होता. मला न सांगता. राक्षस गुडघ्यावर येताच नागेशने बटण दाबून पिक्चर थांबवला, माइक घेतला आणि म्हणाला, कुस्ती बरोबरीत, दोन्ही गडी तोलामोलाचे. तालीम नुसती उसळली. कुणीतरी टीव्हीवर गुलाल टाकला. रंगूबाईने डोळे पुसले. मी दारात फेटा बांधून उभा.
दुपारी कुस्त्यांच्या फडावर माइक नागेशच्या हातात. दादासाहेबांनी मला शेजारी बसवून घेतले आणि म्हणाले, साहेब, आवाज तुमचा चांगला हाय, पन तुमी कुनाचं ऐकतच न्हाय. निवेदकाला आदी फड ऐकू यावा लागतो.
वाईट वाटले. फार वाईट वाटले. कुस्त्या संपेपर्यंत मान वर केली नाही.
घरी आल्यावर अनसूयेला सांगितले, दादासाहेब गळ घालत होते, मीच माइक नाकारला, नव्या पोरांना संधी मिळावी म्हणून. ती म्हणाली, बरं केलंत, आणि जेवायला वाढले.
दादासाहेब फडावर बोलले तेव्हा ती बायकांच्यात माझ्या मागेच बसली होती.