आयोवातलं चलन

ब्रँडर, नेब्रास्का
९ मार्च १९९८

ती. लेलँडदादास,
मॅव्हिसचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. नवरोबा ऑरिन मागाहून आला होता, परतीला माझ्या गाडीत सारा रस्ता झोपला. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्याचं डायलिसिस, रक्त यंत्रातून धुऊन काढायचं, चाळीस मैल जायचं, चाळीस मैल यायचं, हे पुन्हा सुरू झालंय. माझी शाळेची बसही सुरू झाली. चौथीतल्या एका पोरीनं विचारलं, तुमची आई मेली ना, मग तुम्ही आज गाडी कशी चालवता? म्हटलं, बाई, पायांनी आणि हातांनी.

दादा, एक गोष्ट तुला त्या गर्दीत सांगितली नव्हती. तुझ्याकडे येताना वाटेत आयोवा सिटीच्या पेट्रोल पंपावरून तुला फोन केला तेव्हा तू म्हणालास, आई वाट बघतेय, जोरात ये. मी पासष्ट मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर सत्त्याऐंशीनं हाणली. पोलिसानं धरलं. आई शेवटच्या घटका मोजतेय असं सांगितलं, तर म्हणाला, बाई, सगळेच असं सांगतात. चलन लिहायला त्यानं वीस मिनिटं घेतली. मी सव्वादोनला दारात आले आणि तू म्हणालास, आत्ता दोनला गेली. हात गार होता तिचा, पण आईचे हात कधी ऊन होते?

ते चलन गाडीच्या खणात पडलंय. बावीस वर्षं बस चालवतेय, माझ्या नावावर एक ओरखडा नाही. पण तो दंड भरणं म्हणजे माझ्याच आईची वीस मिनिटं मी विकत घेतली असं होईल. मी नाही भरणार.

वहिनीला सांग, तिचं लोणचं पुरवून खातोय. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
मॅव्हिस

गेल्सबर्ग, इलिनॉय
२ एप्रिल १९९८

चि. सौ. मॅव्हिस हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. शेतात चिखल आहे, ट्रॅक्टर घालता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

तुला पकडलं हे वाचून आधी हसू आलं. लहानपणी मी सायकल पळवली की आईकडे चहाडी करणारी तूच! चलनाचं म्हणशील तर फार डोक्यात घेऊ नकोस. धान्याच्या कोठारावरचा वेंडेल आहे ना, त्याला मिसूरीत मिळालं होतं. फाडून टाकलं, सहा वर्षं झाली, कोणी विचारलं नाही. आयोवाचा पोलीस काय नेब्रास्कात येऊन तुझं दार वाजवणार आहे?

आणि त्या वीस मिनिटांचं मनाला लावून घेऊ नकोस. ती मिळाली असती तरी काही फरक पडला नसता. हे मी उगीच म्हणत नाही.

ऑरिनला जप. थोरल्या भावाची माया गृहीत धर, ती कमी पडायची नाही.
लेलँड

ब्रँडर
१४ ऑगस्ट १९९८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या वेंडेलला माझा नमस्कार सांग. त्याचं नशीब थोर.

मिसूरीचं ठाऊक नाही, पण आयोवाचा आणि आमच्या नेब्रास्काचा आपसांत करार आहे. तिकडचा दंड भरला नाही की ते इकडे कळवतात आणि इकडचे तुमचं लायसन्स थांबवतात. उन्हाळ्यात तीन सरकारी पाकिटं आली होती. मी फोडलीच नाहीत, खणात टाकली. शाळा उघडायच्या आधी सगळ्या चालकांची नोंद तपासतात. गाड्यांचा व्यवस्थापक, बिचारा कानकोंडा झाला होता, म्हणाला, मॅव्हिस, तुझं लायसन्स जूनपासून बंद आहे, तुला माहीत नव्हतं? उन्हाळाभर मी ऑरिनला नेत होते दादा, आठवड्यातून तीनदा. बस गेली. मी बसची किल्ली टेबलावर ठेवली तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

मी लगेच दंड भरला, उशिराचा आकार भरला. आता तिकडून सुटकेचा कागद इकडे यायचा, मग इकडची फी, मग लायसन्स. लायसन्स कचेरीच्या खिडकीवरची पोरगी म्हणाली, बाई, सहा आठवडे धरा. आणि लायसन्स मिळालं तरी वेगाचा डाग नोंदीत राहणारच.

तेवढ्यात विम्याचं नूतनीकरण आलं. आमची नोंद त्यांनीही काढलीच. एजंट म्हणाला, एक तर दोघांचा विमा बंद, नाहीतर मॅव्हिसचं नाव वगळून फक्त ऑरिनचा चालू ठेवतो. ती चाकामागे बसली की त्या घटकेला गाडीवर विमा नाही असं समजा. ऑरिननं मला न विचारता सही केली.

तर आता गाडी तो चालवतो. रक्त धुऊन झालं की तो पांढराफटक होतो, पायऱ्या उतरताना माझा खांदा धरतो आणि मग चाकामागे बसतो. मी शेजारी. शेजारची मार्था मंगळवारी नेते, बाकीचे दोन दिवस असे. तो हसतो. म्हणतो, बावीस वर्षं लोकांची पोरं फिरवलीस, आता तू फिर.

माया ठेव, आणि सल्ला देऊ नकोस.
मॅव्हिस

गेल्सबर्ग
२९ ऑगस्ट १९९८

चि. सौ. मॅव्हिस हिस,
अ. उ. आ.

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. तीन फाडली.

आई दोनला गेली नाही. ती बाराला गेली. तुझा फोन आला तेव्हा साडेबारा वाजले होते आणि मी तिच्या खोलीतच उभा होतो. तू पंपावर एकटी होतीस. तुला सांगितलं तर तू रस्त्यात कुठेतरी कोसळशील असं वाटलं. म्हणून तोंडातून निघालं, वाट बघतेय, जोरात ये. तू आलीस तेव्हा दोन वाजताची वेळ सांगितली, कारण आधीचं खोटं उघडं पडलं असतं. तिचं अंग तुला गार लागू नये म्हणून दोन गोधड्या तिच्यावर मीच घातल्या होत्या.

त्या पोलिसानं तुझं काही घेतलं नव्हतं. मार्चमध्येच सांगितलं असतं तर तू चलन भरून मोकळी झाली असतीस. तुझं पत्र हातात असताना मी वेंडेलच्या गोष्टी सांगत बसलो.

मका निघाला की मी येतो. लायसन्स मिळेपर्यंत ऑरिनला मी नेईन. पंधरा ऑक्टोबरपर्यंत उरकेल. तोवर कसंही करून निभाव.

रागाव, पण लिहीत जा.
लेलँड

ब्रँडर
१८ ऑक्टोबर १९९८

दादास,

डाव्या हातानं लिहितेय, अक्षर लागत नसेल तर वहिनीकडून वाचून घे. उजवीकडचं गळ्याखालचं हाड मोडलंय.

ऑरिन गेला. गुरुवारी, आठ तारखेला. मार्था तुला फोन करणार होती, मीच अडवलं. तुझा आवाज नको होता.

त्या दिवशी यंत्रावरून उतरल्यावर त्याचा रक्तदाब फारच पडला होता. नर्स म्हणाली, अर्धा तास बसा. तो दहा मिनिटं बसला. गाडीपाशी मी किल्ली मागितली. लायसन्स तेव्हाही आलं नव्हतं. मी म्हटलं, मरू दे तो कागद, मी चालवते. तो म्हणाला, तुझा विमा नाही, कोणी मध्ये आलं आणि त्याला लागलं तर घर जाईल मॅव्हिस, बस तिकडे. मी बसले. सतरा मैल नीट गेलो. मग त्याचं डोकं हळूच पुढे आलं, डुलकी लागावी तसं. मी चाक धरलं, पण ॲक्सिलरेटरवर पाय त्याचा होता. नाल्याच्या पुलाचा कठडा. तो लगेच गेला म्हणतात.

मंगळवारी पोस्टानं लायसन्स आलं.

तुझं पत्र ऑरिननंच आधी उघडलं होतं. मला वाचून दाखवलं. मी उठून बाहेर गेले. सहा आठवडे उत्तर लिहू दिलं नाही स्वतःला. त्याला तुझा राग आला नव्हता. म्हणाला, तुला एकटीला पंपावर सांगायला मीही धजलो नसतो. तो तसाच होता. मी तशी नाही. तू भीतीपोटी बोललास हे मला कळतं, आणि तरी मला तुझं तोंड बघवेल का ते ठाऊक नाही.

पण मला दर आठवड्याला हाड दाखवायला जायचंय, आणि महिनाअखेरीला ऑरिनच्या थडग्याच्या दगडावरची अक्षरं ठरवायला. काल मार्थाच्या गाडीत चालकाच्या जागेवर बसून पाहिलं. दार लावलं, लगेच उघडलं, उतरले. बावीस वर्षं चालवली मी.

मका निघाला असेल तर ये. गाडी तू चालव. मी मागे बसेन. रस्त्यात आईचं नाव काढू नकोस, ऑरिनचंही नको, क्षमा तर मुळीच मागू नकोस. नुसती चालव.

लोभ उरलाय की नाही, ते तू आल्यावर बघू.
मॅव्हिस