मागच्या दारची पेटी

पावस
१० फेब्रुवारी २०२५

ती. अक्काच्या सेवेशी,
महिपतचा सा. न. वि. वि.

दीपकच्या हाती पाठवलेली मधाची बाटली तू अर्धी शेजारपाजारी वाटलीस म्हणे. वाट, पण हिशेब ऐकून ठेव. एक कामकरी माशी जन्मभर राबते तेव्हा चहाचा चमचा नुसता ओला होतो. मोहोराच्या धावपळीत जन्मली तर दीडेक महिन्यात पंख फाटून मरते. बाटलीभर मध म्हणजे अख्खं गाव मेलं असं धर आणि मग घावनाला लाव.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून हे लिहिणं. गोदाला जाऊन तीन महिने झाले. पेज मी करतो, भांडी मी घासतो. परवा पायात काटा मोडला होता, तो संध्याकाळी पाय धुताना दिसला. माश्या डसतात, हात सुजतो, दुखत मात्र नाही. तेव्हा काळजीचं काही नाही.

गोदाच्या मागच्या दारच्या पेटीतली राणी पौषात मेली. तीन वर्षं अंडी घालत होती. तिच्यात आणि कामकरणींत जातीचा फरक नाही गो, लहानपणी खायला काय मिळालं एवढाच. माश्यांनी नवी राणी तयार केली. ती नरांना भेटायला आभाळात गेली आणि तारेवरच्या वेड्या राघूने तिला टिपली. मी ओसरीवर बसून बघत होतो.

पण पेटी बंद पडली नाही. राणी नसली की कामकरणीच अंडी घालायला लागतात. मध्यंतरी पिल्लं सांभाळायची नव्हती, म्हणून जुन्या माश्याही अजून टिकून आहेत. पोळ्याच्या चौकटी पुन्हा अंड्यांनी भरल्या. झाडाच्या ढोलीतलं एक पोळं धरून सुरुवात केलेला आणि आज मालगुंडपर्यंतच्या बागांत पेट्या लावणारा माणूस तुला सांगतो, मालकिणीवाचून अडत नाही. माझंही घर तसंच चाललंय. राजापुरात येऊन राहा हा हेका आता सोड.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
महिपत


राजापूर
१९ फेब्रुवारी २०२५

चि. महिपत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र एकदा चष्म्याने वाचलं आणि एकदा रागाने. घर चाललंय म्हणतोस, आणि दीपक वेगळंच सांगतो. मामा हसून बोलतो, चहा करून देतो, पण गोदाचं लुगडं अजून दांडीवर वाळत आहे म्हणे. तीन महिने कुठलं लुगडं वाळतं रे? बागांतल्या पेट्या उघडून बघायला तू शिमगा येत आला तरी गेला नाहीस, हेही बागवाल्यांनी त्याला सांगितलं. पेट्या कान लावून ओळखणारा तू, आणि तुला ते घर ऐकू येत नाही?

मी तुझ्यावर उपकार करायला बोलावत नाही. माझे कान गेले. परवा गॅसवर दूध उतू जाऊन ज्योत विझली, वास आला म्हणून वाचले. दारात माणूस उभा राहून निघून जातो. मला घरात दोन चांगले कान हवेत, ते तुझे आहेत. माझ्या माडांखाली तुझ्या पेट्या मावतील.

राणी गेली की त्या पेटीत गोदा दुसऱ्या पेटीतली अंड्यांची चौकट घालायची आणि माश्या त्यातून नवी राणी करायच्या, हे मी सुट्टीत येऊन पाहिलंय. तू का घातली नाहीस? आणि एक सांग, कामकरणी अंडी घालतात म्हणतोस, मग त्यांतून जन्मतं काय?

तुझ्यावर जीव आहे म्हणूनच टोचते.

हौसा


पावस
४ मार्च २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

चौकट घालायला उठलो नाही, एवढंच. दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही.

लुगडं काढलं. घडी घालून ट्रंकेत ठेवलं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मग भात लावला.

बागेतून एक जोरदार पेटी आणली आहे. उद्या तिच्यावर गोदाची पेटी चढवतो. मध्ये वर्तमानपत्राचा कागद, टाचणीने भोकं पाडलेला. एकदम एकत्र केल्या तर माश्या एकमेकींना मारतात. कागद कुरतडून पार होईपर्यंत दोन्हीकडचा वास एक होतो आणि मग भांडण राहत नाही. गोदा जुने पेपर यासाठीच रद्दीत देत नसे.

दीपकला म्हणावं, रविवारी टेम्पो घेऊन यावं. संध्याकाळी माश्या घरात आल्या की पेट्यांची दारं बंद करून निघू. माझ्यासाठी गादी नको, चटई पुरे. दुधाकडे मी कान ठेवीन.

आहे तसा घेशील, एवढा लोभ पुरे.

तुझा,
महिपत

ता. क. जन्मतं काय, ते लिहायचं राहिलं. मला पहिल्यापासून ठाऊक होतं. राणी नरांना भेटून आलेली असते, म्हणून तिच्या अंड्यांतून कामकरणी होतात. कामकरणीचं अंडं बीजाविना असतं. नर मध आणत नाही, पिल्लांना भरवत नाही. काल झाकण काढलं. पेटी भरलेली आहे. नवे जन्मलेले सगळे नर आहेत.